लव्हाळ्यातला घुमा

३ नोव्हेंबर

नाही म्हणजे नाही, ताई. बाबांना मी पुन्हा लव्हाळ्यात बसवणार नाही. तू रडलीस तरी नाही, भाऊजींकडून सांगून पाठवलंस तरी नाही. हे असलं काही तू चक्क कागदावर लिहून मागतेस, याचंच मला जास्त नवल वाटलं.

भांडण आधी उरकून घेतलं. आता रीतसर.

ती. ताईस सा. न. यातला सा. म्हणजे सध्यापुरता साधाच धर, साष्टांग नंतर बघू.

तुझं पत्र परवा थेट उद्यानाच्या तिकीट खिडकीवर आलं. मागे अठरा माणसांची रांग, एक बाई तीन पोरांना धरून उभी, आणि मी आत पत्र वाचतोय. शेवटी वनरक्षकाने येऊन काच वाजवली. फोन का करत नाहीस, तेही कळत नाही.

पंधरा वर्षं मी तुम्हाला या, या म्हणतोय. एका वर्षी तुला पाणी जास्त होतं, एका वर्षी कमी. एकदा डास, एकदा रस्ता, एकदा शिलाईची घाई. आणि आता एकदम सहा डिसेंबरला सासूबाईंना घेऊन येतेस, आणि सोबत मागण्यांची ही लांब यादी. बोट नंबर दोनच पाहिजे. पुढची जागा पाहिजे. दुपारी चार वाजता पाणी मोजायच्या तिसऱ्या खांबापाशी बोट थांबली पाहिजे आणि तिथे घुमा पक्षी बोलला पाहिजे. घुमा काय बस आहे, वेळेवर यायला?

तुला मी काय सांगणार, पण लिहितोच. इथे घुमा कुणीही ऐकलेला नाही, ना आता ना तेव्हा. ऐकले ते आपले बाबा. रोज सकाळी खांबांवरची पाण्याची पातळी वहीत उतरवायची ही त्यांची नोकरी, आणि दुपारी लव्हाळ्यात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून लोखंडी पाइपाचं एक टोक पाण्यात आणि एक तोंडात धरून घुमायचं, ही जुन्या बोटवाल्याची भर. लांबून आलेली माणसं हिरमुसून जाऊ नयेत म्हणून. तू बोटीत डब्याने पाणी उपसत बसायचीस. माणसं कंटाळली की खोकायचीस. तू खोकलीस की बाबा घुमायचे. मला तेव्हा याचा केवढा हेवा वाटायचा, मला कुणी खोकायलासुद्धा नेत नव्हतं.

पण ते तेव्हा. आता ते त्र्याहत्तरचे आहेत. फळ्यांच्या वाटेवर गेटपासून पहिल्या बाकापर्यंत चालले तरी दम लागतो. डिसेंबरात पाणी किती गार असतं, तुला ठाऊक आहे. आणि दम नसता लागला तरी मी नाही म्हटलं असतं. गेटवरच्या पक्ष्यांच्या यादीत घुम्यासमोर अजून लिहिलेलं आहे, एका पाहुणीने ऐकल्याची नोंद, म्हणून. शाळेची पोरं ते वाचून मला विचारतात आणि मी पेन शोधायला लागतो.

सासूबाईंना जे आहे ते दाखवू. करकोचे उतरलेत, पाणकोंबड्या तर पायात येतात. मऊ तळाचे बूट आण, शाल आण. आणि त्यांच्यासमोर एवढी शान मारायची काय गरज पडली, ते खरंखरं लिही.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर.

तुझा,
बगळ्या (तूच ठेवलेलं नाव, आता ऑफिसातही तेच झालंय)

९ नोव्हेंबर

चि. बगळ्यास अनेक आशीर्वाद, त्यातला एक कान पिळून.

फोन का करत नाही विचारतोस. अरे, या घरात हळू बोलायची सवयच मोडली. सासूबाईंना डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही आणि उजव्यात मशीन आहे, त्यामुळे आम्ही सगळे दिवसभर ओरडतो. मीठसुद्धा ओरडून मागतो. तुझ्याशी फोनवर कुजबुजायला गेले तर तेही ओरडूनच होईल. म्हणून हे कारखान्यात लिहितेय, जेवणाच्या सुट्टीत, कापायच्या टेबलावर. समोर शाळेच्या गणवेशाच्या चारशे कॉलरी पडल्यात. कागदावर खडू लागला असेल तर झटकून वाच.

शान मारायची असती तर बरं झालं असतं. आता तिकीट खिडकी बंद कर आणि वाच.

सासूबाई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, हे तुला माहीत आहे. कान हीच त्यांची कमाई. माणूस नुसता हॅलो म्हणाला तरी तो आजारी आहे की खोटं बोलतोय ते त्यांना कळायचं, असं त्या अजून सांगतात. आता डॉक्टर म्हणाले की वर्षभरात उजवाही जाईल. त्या रडल्या नाहीत, काही नाही. घरी येऊन एक जुनी वही काढली आणि मला म्हणाल्या की जायच्या आधी एकदाच घुमा ऐकायचाय, तुझ्या माहेरीच तर आहे.

त्या वहीत अठ्ठावीस वर्षांपूर्वीची तारीख आहे. बोट नंबर दोन, तिसरा खांब, दुपारी चार. आवाज तीन वेळा. मग बोट वळल्यावर आणखी एकदा, एकटाच. त्याखाली रेघ मारलीय. गेटवरच्या यादीतली ती पाहुणी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनीच उद्यानाला पत्र लिहून ती नोंद करायला लावली.

आणि त्या दिवशी बोटीत पाणी उपसायला मी होते. तेरा वर्षांची. दोघी ऑपरेटर मैत्रिणी आल्या होत्या, मला आठवतात. एकीने माझा खोकला ऐकून पर्स उघडली आणि मला खोकल्याची गोळी दिली. कागद सोडवून दिली रे, माझे हात ओले होते म्हणून. ती गोळी मी खाल्ली.

हे मला कधी कळलं म्हणशील तर लग्नाच्या आधी. ही मंडळी पहिल्यांदा भेटली तेव्हा आपलं घर उद्यानाला लागून आहे ऐकून सासूबाईंनी लगेच ही गोष्ट सांगितली. डोळे एवढाले झाले होते त्यांचे. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मला हे स्थळ आवडलं होतं, हे आवडले होते. मी चहाचे कप उचलून आत गेले. मग दुसऱ्या दिवशी सांगू, लग्नानंतर सांगू, असं करत पंधरा वर्षं. तुझे ते डास आणि ते पाणी, सगळी माझी कारणं.

अजून एक आहे, ते लिहायला हात उचलत नाही. लग्नात बाबांच्या गळ्याला मफलर होता आणि घसा बसला म्हणून ते दिवसभर बोलले नाहीत, आठवतं? घसा बसला नव्हता. मी त्यांना सांगितलं होतं की बोलू नका. बाबांचा तो खर्जातला आवाज, आणि सासूबाईंचा तो कान. कारण सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. नंतर ते इकडे यायचं म्हणाले की मीच काहीतरी काढून टाळलं. पंधरा वर्षांत माझा बाप माझ्या घरी दोनदा आला आणि दोन्ही वेळा सासूबाई गावाला गेल्या होत्या.

म्हणून म्हणते, एकदाच. तीनच वेळा. त्या ऐकतील, त्यांचा कान मिटेल आणि हे सगळं माझ्याबरोबर संपेल. वाईट आहे ते कळतं मला. बाबांना यातलं काही सांगू नकोस, नुसतं विचार की जमेल का.

तुझा राग निघेपर्यंत लोभ उधार ठेव.

ताई

१४ नोव्हेंबर

ती. ताईस न. वि. वि.

मी सांगितलं. सांगू नकोस म्हणालीस तरी सांगितलं, किंवा खरं म्हणजे पत्रच त्यांच्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन बोटीला विनाकारण रंग देत बसलो. तासाभराने त्यांनी कागद मागितला. त्यांचं पत्र सोबत आहे. मी वाचलेलं नाही. म्हणजे पहिली दोन वाक्यं वाचली.

बगळ्या

चि. थोरलीस आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, आकडे लिहायची आहे. चुकलं तर समजून घे.

आज तिसऱ्या खांबावर पाणी चार वीत आणि दोन बोटं. मी निवृत्त झालो तरी रोज बघून येतो. चौतीस वर्षं मी ती वही लिहिली. एका बोटाचाही खोटा आकडा कधी लिहिला नाही. एकदा साहेब म्हणाले होते की पाणी जास्त दाखव, तरी नाही लिहिला. आणि त्याच पाण्यात दुपारी उभा राहून मी ते करायचो. हे दोन्ही एकाच माणसाने कसं केलं ते मला आज सांगता येणार नाही. तेव्हा कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तुला एक गोष्ट माहीत नाही. मी घुमा कधीच ऐकलेला नाही. मला तो आवाज जुन्या बोटवाल्याने शिकवला आणि त्यानेही ऐकला नव्हता, त्याला त्याच्या चुलत्याने शिकवला होता. त्यामुळे तुझ्या सासूबाईंनी जे ऐकलं ते घुम्यासारखं तरी होतं की म्हशीसारखं, हेसुद्धा मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तू मागतेस ते मी पुन्हा केलं तर त्या बाईंना दुसऱ्यांदा फसवल्यासारखं होईल, आणि दुसऱ्यांदा तर मला माहीत असेल की कोणाला फसवतोय. आधी नुसती माणसं होती.

मफलरचं. मला वाटत होतं तुला माझी लाज वाटते. मी मोठ्याने बोलतो, पाण्यातला माणूस, बोलायची पद्धत नाही. ते मी धरून चाललो होतो. तुझं पत्र वाचून कळलं की तुला स्वतःची लाज वाटत होती. वाचून जरा बरं वाटलं. मुलीला लाज वाटते आणि आपल्याला बरं वाटतं, याची मग मला लाज वाटली. असं सगळं आहे.

मी ठरवलं आहे. सहा तारखेला त्या येऊ देत. मी बोटीत त्यांच्याजवळ बसेन आणि सांगेन की तो मी होतो. बोटवाला बोट थांबवायचा आणि मी घुमायचो, एवढंच सांगेन. तुझा खोकला मी त्यात घालणार नाही. तू लहान होतीस, मी सांगितलं ते केलंस. तो माझा हिशेब आहे.

उजव्या कानाने येतं असं तू लिहिलंस. त्या बाजूला बसेन.

बाबा

२१ नोव्हेंबर

चि. बगळ्या, आशीर्वाद. बाबांना माझा नमस्कार सांग आणि हे पत्र त्यांनाही दे, या वेळी मीच सांगतेय.

त्यांचा तो खोकला न घालण्याचा मुद्दा वाचला आणि माझं जेवण गेलं. दोन दिवस मी कॉलरी उलट्या शिवल्या. मुकादम म्हणाला की बाई, ही शाळा पाठीला टाय लावते का. तिसऱ्या दिवशी ठरवलं की सहा तारखेची वाट बघायची नाही. बाबा माझ्या वाटणीचं बोलणार आणि मी बोटीत बाजूला बसून पाणकोंबड्या बघणार, हे नाही जमायचं.

मी सगळं कागदावर लिहून नेलं होतं. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. कागद पुढे केला तर त्यांनी तो घडी करून परत दिला आणि म्हणाल्या, डोळे काय शेवटपर्यंत राहणारच आहेत, कान आहे तोवर बोल.

मी बोलले. त्यांना ऐकू आलं नाही. जरा मोठ्याने बोलले. त्यांनी मशीन चाचपलं आणि खूण केली, अजून मोठ्याने. तुला आमचं घर माहीत आहे. समोरच्या दारात दातांचा दवाखाना, जिन्यापर्यंत बाकं, संध्याकाळचे सहा, आणि आमचं दार नेहमीसारखं उघडं. बगळ्या, मी ओरडून सांगितलं. घुमा नव्हता, माझे बाबा होते. खोकणारी मुलगी मी होते, तीनदा खोकायची खूण ठरलेली होती. तुमची गोळी मी खाल्ली. मला पंधरा वर्षं माहीत होतं. एकेक वाक्य दोनदोनदा, कारण पहिल्यांदा त्यांना अर्धंच यायचं. लाजेची गोष्ट माणूस खाली मान घालून, पुटपुटत सांगतो. मला तेवढीही सोय नव्हती. त्यांना ओठ दिसावेत म्हणून मान वर ठेवावी लागली. दवाखान्यातली बाकं इतकी गप्प झाली की आतलं दात कोरायचं यंत्र ऐकू येत होतं.

त्यांनी पूर्ण ऐकलं. मग वही उघडली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. विचारलं की खूण तीनदाची असायची ना, मग बोट वळल्यावरचा चौथा कोणाचा. तो एकटा आवाज. बाकीच्यांनी वह्या मिटल्या होत्या, तो फक्त आपल्यासाठी आला असं त्या आजवर मानत आल्यात. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, त्यांना मी काय म्हणायला हवं होतं ते. मला फक्त खांदे उडवायचे होते. माहीत नाही म्हणायचं होतं. तेवढ्यावर त्या उरलेलं आयुष्य काढतील असं वाटलं.

पण मला माहीत होतं. त्यांनी दिलेली गोळी तिखट होती, माझ्या घशात अडकली आणि मला खरा खोकला आला. बाबांनी तिकडे लव्हाळ्यात तो ऐकला आणि इमानदारीत आणखी एकदा घुमले. घरी येऊन मला विचारलंही होतं की चौथ्यांदा कशाला खोकलीस, माझा श्वास संपला होता. हेही मी ओरडून सांगितलं. गोळीचं दोनदा सांगावं लागलं.

त्यांनी वही मिटली, मशीन काढून डबीत ठेवलं. तेव्हापासून तीन दिवस झाले, आमच्यात दूध आणि किल्ली यापलीकडे बोलणं नाही. ह्यांना काय झालं ते माझ्या आधी दातवाल्याकडच्या एका पेशंटने जिन्यात सांगितलं. हे मला एवढंच म्हणाले की सांगायला पंधरा वर्षं लागावीत इतके आम्ही वाईट आहोत का. 

तिकिटं रद्द करू नकोस, पण धरूही नकोस. आणि बाबांना म्हणावं, सासूबाई गावाला जातील तेव्हा जातील, तुम्ही या आठवड्यात इकडे या. मफलर घरी ठेवून या.

मी मागावा असा लोभ आता माझ्याकडे उरलेला नाही. तुम्ही दोघं द्याल तो घेईन.

ताई

२४ नोव्हेंबर, सकाळ
(स्वयंपाकघरातल्या टेबलावर, साखरेच्या डब्याखाली ठेवलेलं)

सौ. सूनबाईस,

आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे, तो लिहिला असं समज. मनापासून द्यायला थोडे दिवस लागतील.

मी सहा दिवस बोलले नाही ते तुझ्यावर रागावून, असं तू सगळ्यांना सांगत असशील. राग आहेच. पंधरा वर्षं रोज माझ्यासमोर पोळी वाढत होतीस आणि तुला माहीत होतं, हे मी इतक्यात गिळणार नाही. त्यावर आपण बोलू, आणि या वेळी दार लावून. पण मी गप्प होते ते दुसऱ्याच कारणाने. ते तुला ओरडून सांगायची माझ्यात हिंमत नाही, म्हणून लिहिते. तू सांगू शकलीस, हे मी पाहिलं आहे.

त्या बोटीत माझ्याबरोबर माझी मैत्रीण होती. एक्स्चेंजमध्ये अकरा वर्षं तिची खुर्ची माझ्या शेजारी. आवाज झाला तेव्हा मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. परत येताना ती मला हळूच म्हणाली की हा पक्षी नाही, हा माणूस आहे, आवाजाच्या आधी त्याने घेतलेला श्वास तिला ऐकू आला. मी तिला हसले. सोमवारी ड्युटीवर सगळ्यांसमोर हसले. ती आपल्या म्हणण्यावरून हटेना, मी यादीत नोंद करायला पत्र लिहिलं त्यावर सही करेना, तेव्हा माझा इतका संताप झाला की मी सुपरवायझरला जाऊन सांगितलं की हिच्या कानात दोष आलाय, चुकीचे कॉल जोडले जातील. माझ्या कानाला तिथे मान होता. तिला बोर्डावरून काढून फायलींच्या खोलीत बसवलं. तिथे खिडकी नव्हती. तिने नोकरी संपेपर्यंत मला रोज नमस्कार केला आणि त्यापलीकडे एक शब्द बोलली नाही. मी मनात म्हणायचे, आपलं चुकलं ते कबूल करायला हिला जड जातंय.

तू चौथ्या आवाजाचं सांगितलंस तेव्हा मला पक्ष्याचं काही वाटलं नाही. मला ती फायलींची खोली दिसली.

ती इथून दोन तासांवर राहते. पत्ता आहे, दरवर्षी बदललाय का बघते आणि वही ठेवून देते. आज जाते. दार उघडलं तर जे सांगायचं ते सांगेन. पुढे काय ते तिने ठरवायचं. मी काही मागणार नाही.

तुझ्या भावाला कळव की सहा डिसेंबरची तिकिटं धर. ती येणार असेल तर तिचंही, नसेल तर माझं एकटीचं. तू यायचं की नाही ते तू बघ, मी बोलावत नाही आणि अडवतही नाही. गेटवरच्या यादीतली माझी नोंद काढून टाका असं मी तिथल्या साहेबांना स्वतः लिहून देणार आहे, खाली कारणही लिहीन. तुझ्या वडिलांना बोटीत माझ्या डाव्या हाताला बसू दे. त्या कानाने मला येत नाही, पण ते फार मोठ्याने बोलतात असं तूच कारखान्यातल्या बाईला सांगत होतीस, तेव्हा येईल थोडंफार. उजवी बाजू मी मैत्रिणीसाठी ठेवणार आहे.

दूध तापवून झाकलंय. किल्ली खिळ्याला आहे. बस सातची, आता पावणेसात होतील. मशीन पर्समध्ये आहे, ते तिच्या दारात उभी राहिले की घालीन. तोवर मला काही ऐकू येणार नाही, तेव्हा जिन्यातून हाका मारू नकोस. निघाले.